राजसच्या दोन वर्षांसाठी दोन साक्षीदार

आमच्या राजसने दोन वर्षं राष्ट्रीय सेवा केली, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. आमच्या घरात बाकी प्रत्येक गोष्टीबद्दल दुमत असतं, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

सिंगापूरला मुलगा वाढवला की त्याला ही सक्तीची लष्करी सेवा चुकत नाही. आमच्यासारख्या पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन बसलेल्या पुणेकरांच्या मुलांनाही चुकत नाही. राजसने पॉलिटेक्निकमधून मरीन इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतला आणि पुढच्याच महिन्यात केस भादरून कॅम्पात गेला. दर रविवारी संध्याकाळी हिरवी बॅग पाठीला लावून आमच्या बुकित पंजांगच्या ब्लॉकमधून खाली उतरायचा आणि शनिवारी परत येऊन सोळा तास झोपायचा. मानेवर घामोळं, बुटांत चिखल, आणि तोंडात सारखं 'यस सार्जंट'. अनघाने, म्हणजे त्याच्या आईने, पोळी वाढू का विचारलं तरी 'यस सार्जंट' म्हणायचा. तिला ते फार आवडायचं. मी लग्नाच्या पंचवीस वर्षांत एकदाही तसं म्हटलेलं नाही, हेही तिने लक्षात आणून दिलं.

तर सेवा संपली आणि प्रमाणपत्र घरी आलं. जाड कागद, सोनेरी किनार, खाली उजव्या कोपऱ्यात काळापांढरा चौकोनी कोड. तो मोबाइलने वाचला की प्रमाणपत्र खरं आहे हे जगाला कळतं.

आमच्याकडे घरात नवीन काही आलं की त्याला हळदकुंकू लागतं. फ्रिजला लागलं, वॉशिंग मशीनला लागलं, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लागलं आणि त्याचा कर्सर आजही आपोआप डावीकडे जातो. अनघाने प्रमाणपत्र देवापुढे ठेवलं, निरांजन ओवाळलं, आणि कुंकवाचं बोट टेकवायला चांगली जागा शोधू लागली. नावावर नको, मुलाचं नाव झाकेल. तारखेवर नको. तो चौकोन तिला रांगोळीच्या ठिपक्यांसारखा दिसला. तिने बरोबर मधोमध बोट टेकवलं.

मी तिला काही बोललो नाही, कारण तोवर मला काही कळलंच नव्हतं. देवाचं झालं, आता आपलं कर्तव्य, असं म्हणून मी प्रमाणपत्र उचललं आणि लॅमिनेशनला नेलं. कागद घरात आला की त्याला प्लास्टिकमध्ये घालायचं ही आमच्या घराण्याची रीत आहे. माझी दहावीची गुणपत्रिका, वडिलांचं निवृत्तीचं पत्र, आईचं रेशनकार्ड, सगळं आम्ही असं जपलेलं आहे. दुकानातल्या आंटीने कागद हातात घेऊन विचारलं, "अंकल, ओरिजिनल आह? शुअर ऑर नॉट?" मी म्हटलं, "ओरिजिनल आहे म्हणूनच." यंत्राच्या उष्णतेने कुंकू छान पसरलं आणि कायमचं आत बसलं. राजस घरी झोपलेला होता.

पुढे दोन महिन्यांत त्याला एका जहाज कंपनीत ज्युनियर इंजिनिअरची नोकरी लागली. पोरगं लहानपणापासून बंदराकडे बघत वाढलेलं. त्याला दुसरं काही नकोच होतं. कंपनीने जहाजाचं नाव कळवलं, सुटायची तारीख कळवली आणि सेवापूर्तीचं प्रमाणपत्र मागितलं. त्याने ते कंपनीच्या यंत्रापुढे धरलं. यंत्राने कोड शोधला, त्याला कुंकू दिसलं, आणि यंत्र लाल झालं. कंपनीने अत्यंत सौजन्याने कळवलं की दुसरी प्रत आणा, नाहीतर तुमच्या जागी यादीतला पुढचा उमेदवार जाईल.

"सोपं आहे लाह," राजस म्हणाला. "ऑनलाइन अप्लाय करतो. टेन मिनिट्स."

अर्जात एक प्रश्न होता: दुसरी प्रत का हवी? खाली कारणांची यादी होती. हरवले. चोरीस गेले. आगीत जळाले. पाण्यात भिजले. पाळीव प्राण्याने खाल्ले. 

"यात आपलं कुठे आहे?" अनघाने वाकून विचारलं.

"बाबा, जस्ट पुट लॉस्ट. हू विल नो?"

इथे मी आडवा आलो. सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे, हे मी आज मान्य करतो. मी म्हटलं, "सरकारशी खोटं बोलायचं नाही. हा भारत नाही. इथे माणसाने खरं सांगितलं तर काम होतं." राजसने माझ्याकडे पाहिलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी 'इतर' निवडलं. तिथे चाळीस अक्षरांची जागा होती. त्यात मी इंग्रजीत लिहिलं, 'धार्मिक कारणामुळे लाल झाले'. 

सात मिनिटांत उत्तर आलं. आपलं कारण यंत्राच्या समजुतीपलीकडचं असल्यामुळे आपण मूळ कागदासह समक्ष यावं.

कार्यालयाचं नाव मी सांगत नाही. त्यांची बदनामी करायचा माझा हेतू नाही, कारण त्यांचं काहीच चुकलेलं नाही. मी आयुष्यात इतकं नीट चाललेलं कार्यालय पाहिलेलं नाही. दहा चाळीसची वेळ होती, दहा चाळीसला आमचा नंबर लागला. आपल्याकडे एखादं काम होणार नाही हे कळायला सहा महिने आणि चौदा चहा लागतात. इथे ते चार मिनिटांत कळतं, आणि खुर्चीही मऊ असते.

काउंटरवर मिस कोह नावाच्या बाई होत्या. वय तिशीच्या आत, आवाज मधाळ. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, ते इथे मराठीत देतो.

"हा लाल डाग कसला, सर?"

"कुंकू आहे. शुभ असतं."

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "शुभ नुकसान असा प्रकार आमच्याकडे नाही, सर. कोणी लावलं?"

"माझ्या पत्नीने."

"सरकारी कागदावर खूण करण्याचे अधिकार त्यांना आहेत का?"

"घरात तरी आहेत."

त्यांनी ते टाइप केलं. मग समजावून सांगितलं. दुसरी प्रत देता येते, पण पहिली प्रत खरी होती हे आधी सिद्ध व्हायला हवं. ती खरी आहे हे कोडवरून कळतं. कोड कुंकवाखाली आहे. कुंकू पुसता येईल, पण ते प्लास्टिकखाली आहे. प्लास्टिक कापता येईल, पण सरकारी कागदाला कात्री लावली तर तो छेडछाड केलेला कागद होतो, आणि छेडछाड केलेल्या कागदाची दुसरी प्रत मिळत नाही.

"अहो, पण तुमच्या संगणकात याचं नाव असेल ना?" मी म्हटलं.

"आहे की, सर!" त्यांनी आनंदाने पडदा आमच्याकडे वळवला. राजसचं नाव, फोटो, कॅम्प, भरतीची तारीख, सुटकेची तारीख, रक्तगट, बुटाचं माप. सगळं होतं. "रेकॉर्ड अगदी व्यवस्थित आहे. फक्त ज्याचं हे रेकॉर्ड आहे तो इसम म्हणजे हेच, एवढं सिद्ध व्हायला हवं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं."

राजस म्हणाला, "मॅडम, दॅट इज मी. माझा फोटो आहे."

"फोटोत केस नाहीत," मिस कोह खेदाने म्हणाल्या. "आता आहेत. मला 'प्रमाणपत्र संशयास्पद' अशी तात्पुरती नोंद करावी लागेल. करू?"

मी म्हटलं, "करा की. नोंदीने काय होतंय?"

आम्ही उठलो. दाराशी एक छोटा पडदा होता. त्यावर पाच चेहरे होते, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. आजचा अनुभव कसा होता? बाई इतकं गोड बोलल्या होत्या की माझ्याने रडवा चेहरा दाबवेना. मी सगळ्यात हसरा दाबला.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसेपर्यंत राजसचा फोन वाजला. संदेश असा होता: आपली सेवापूर्ती संशयास्पद ठरली आहे. ज्याची सेवा पूर्ण झालेली नाही त्याची सुरू झाली असं मानता येत नाही. सबब आपण येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता भरतीसाठी हजर राहावे. सोबत टूथब्रश आणावा.

जहाज सोमवारी सकाळी नऊला सुटणार होतं.

"वाह लाउ, बाबा," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'अरे देवा', आणि फोन खिशात ठेवला. दोन वर्षं चिखलात लोळताना पोराने कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी त्याची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं, स्पष्टच सांगतो. माझ्या एका खरेपणापायी त्याचं जहाज हातचं चाललं होतं.

मी घरी येताच हरकतीचा अर्ज भरला. तो तीन मिनिटांत परत आला. कळवण्यास आनंद होतो की, बाहेर पडताना आपण 'अत्यंत समाधानी' अशी नोंद केली आहे. समाधानी व्यक्तीस हरकत घेता येत नाही. आपल्या अभिप्रायाबद्दल मिस कोह यांना या महिन्याचं प्रशस्तिपत्र देण्यात येत आहे.

"चेहरा कशाला दाबायला गेलात?" अनघा म्हणाली. "घरी कधी हसरा चेहरा दिसत नाही तुमचा!"

"तू बोट कशाला टेकवलंस?"

मग अर्धा तास आम्ही दोघं भांडलो. राजस मध्ये पडला नाही. त्याने कपाटावरून हिरवी बॅग काढली, झटकली आणि शांतपणे आत मोजे भरायला लागला. ते बघून आम्ही भांडण थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मी मिस कोहंना फोन केला. प्रशस्तिपत्रामुळे त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, एक मार्ग आहे. नमुना क्रमांक नऊ. दोन साक्षीदार हवेत. अर्जदाराचे नातेवाईक नकोत, आणि सेवेची हकीकत त्यांना सविस्तर माहीत हवी. त्यांनी नाव, ओळखपत्राचा नंबर लिहून सही करायची. शुक्रवारी पाचपर्यंत फॉर्म आला की भरती रद्द आणि नवं प्रमाणपत्र जागेवर हातात.

"त्याचा सार्जंट चालेल का? त्याने आमच्या घरचे बेसनाचे लाडू खाल्लेत."

"लाभार्थी आहेत ते, सर. चालणार नाहीत."

पण मी निर्धास्त होतो. दोन सह्या म्हणजे काय! आपला मराठी समाज आहे. मी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळी हकीकत टाकली. दहा मिनिटांत त्रेसष्ट जोडलेले हात आले, एकोणीस फुगवलेले दंड आले, आणि 'सत्य परेशान होतं पण पराजित होत नाही' असं लिहिलेला एक सूर्योदय आला. एकीने तर 'राजस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' असं लिहून त्यापुढे तिरंगा लावला. मग मी विचारलं, सही करायला कोण येतंय? त्यावर गट दुपारपर्यंत इतका शांत राहिला की माझं इंटरनेट बंद पडलं की काय, असं मला वाटलं.

मी शैलेंद्रकडे गेलो. बिशानला राहतो, माझा कॉलेजपासूनचा मित्र, राजसला अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याची बायको क्षिप्राने दारातच माझे हात धरले. "काय चाललंय हे! इतकं गुणी पोरगं! मी सगळ्यांना सांगते आहे."

"फक्त इथे सांगायचं आहे," असं म्हणून मी फॉर्म पुढे केला.

शैलेंद्रने तो टोकाला धरून वाचला. "निशिकांत, तुला माहीत आहे, आमचा पीआरचा अर्ज आत आहे. अशा वेळी माझं नाव कुठल्या संशयास्पद फायलीत नको रे."

"अरे, पण तू त्याला कॅम्पच्या फाटकापर्यंत गाडीने सोडलं आहेस!"

"फाटकापर्यंत. आत जाऊन त्याने काय केलं, मला काय माहीत?" मग तो जरा चिडलाच. "आणि माझ्या घरभाड्याच्या करारावर तू तरी कुठे साक्षीदार म्हणून सही केलीस?"

"तो विषय वेगळा होता," मी म्हटलं. चहा पिऊन निघालो. चहा चांगला होता.

तिथून मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव. राजस सुटून आला तेव्हा गणपतीत यांनीच त्याचा सत्कार केला होता. 'मराठी मातीचा सिंह सिंहपुरीत गरजला' असं काहीसं वीस मिनिटं बोलले होते.

"सत्कार केला, बरोबर," ते म्हणाले. "पण त्याने सेवा केली, हे मला तुम्हीच सांगितलं होतं."

"मग शाल कशाबद्दल दिलीत?"

"विश्वासाने दिली. शालीवर ओळखपत्राचा नंबर लिहावा लागत नाही, निशिकांतराव." आणि जाता जाता म्हणाले, "मुलाला सांगा, खचू नकोस. दुसऱ्यांदा सेवा करून आला तर आपण मोठा सत्कार ठेवू. आपल्या समाजात दोनदा कोणी केलेली नाही."

ही कल्पना गटात पोचली आणि संध्याकाळपर्यंत मला वेगळेच फोन येऊ लागले. हौगांगच्या एका गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं, की ही दुसऱ्यांदा सेवा मिळण्यासाठी काही गुणांची अट असते का, त्यांचा मुलगा संग्राम यंदा सेवेला जातो आहे, आणि यासाठी कुठे ट्यूशन लावता येईल का. मी फोन ठेवून दिला. त्यांना वाटलं, मी पत्ता लपवतोय.

डोकं तापलं की मी ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मांडवात, जाऊन बसतो. गर्दी होती, एक टेबल रिकामं होतं, पण त्यावर टिशूचं पाकीट ठेवलेलं होतं. टिशूचं पाकीट म्हणजे इथे जागा धरलेली असते. कोणी ठेवलं, कधी ठेवलं, कोणी विचारत नाही. त्या पाकिटावर कोड नसतो, सही नसते, आणि तरी भुकेलेली माणसं हातात गरम वाट्या घेऊन त्याच्याभोवती अदबीने उभी राहतात. मीही उभा राहिलो. मला त्या पाकिटाचा मनापासून हेवा वाटला.

"हे, राजस पापा! व्हाय फेस लाइक दॅट?" कॉफीच्या गाळ्यातून सेंग अंकलनी हाक मारली. वय पंच्याहत्तर. तीस वर्षं त्याच गाळ्यात कॉफी ओततात. मी त्यांना सगळं सांगितलं. निम्मं त्यांना कळलं नसावं, कुंकवाचं तर मुळीच नाही.

"युअर बॉय," ते म्हणाले, "एव्हरी संडे गो. बिग बॅग. मी त्याला कॉफी द्यायचो. सॅटर्डे कम बॅक, वेरी स्मेली. आय सी. टू इयर आय सी." हात फडक्याला पुसून त्यांनी फॉर्म ओढून घेतला. "सही कुठे करू?"

"अंकल, आधी वाचा तरी. पुढे काही चौकशी झाली तर..."

"वाचू काय? आय सी ऑलरेडी." आणि चिनी अक्षरांत त्यांनी लफ्फेदार सही ठोकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंकलनी मला एक कॉफी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तर अशी एक सही झाली. आज गुरुवार आहे. उद्या पाचपर्यंत फॉर्म द्यायचा आहे, आणि दुसरी रेघ अजून रिकामी आहे. राजस घरात बॅग भरून बसला आहे. ती कॅम्पासाठी भरली आहे की जहाजासाठी, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालेलं नाही.

म्हणून तर हे सगळं तुम्हाला इतकं बैजवार सांगत बसलो. अट तुम्ही वाचलीच आहे. नातेवाईक नको, तुम्ही नाही आहात. सेवेची हकीकत सविस्तर माहीत हवी. ती आता तुम्हाला शैलेंद्रपेक्षा जास्त माहीत आहे. आणि तुमचा विश्वासही बसलेला आहे. नसता बसला, तर पद्माकररावांना तुम्ही मनातल्या मनात जे म्हणालात ते म्हणाला नसतात.

हं, हे पेन घ्या. इथे पूर्ण नाव, इथे ओळखपत्राचा नंबर, आणि या रेघेवर सही.

नाही हो, तुम्हाला काही त्रास होणार नाही. नुसती सही.

काय म्हणालात?

घरी विचारून सांगता? बरं, विचारा. सावकाश विचारा. जहाज सोमवारी सकाळी नऊला सुटतं.